दोन आकडे

पोडावर, चावडीच्या सावलीत
लेतुबाबाच्या दंडाला पट्टा गुंडाळते.
दंड म्हणजे वाळलेला बांबूच,
पण पेरं अजून शाबूत.
मशीन घरघरतं, कोंबडी दचकते,
आकडा थांबतो : एकशे चोवीस, खाली अठ्ठ्याहत्तर.
"किती भरलो?" तो विचारतो,
जसं डिंक तोलून झाल्यावर व्यापाऱ्याला विचारतो.
"बरोबर भरला," मी म्हणते.
"बाजारात तर असं कधी होत नाही."

मंगळवारी, तालुक्याच्या दवाखान्यात,
त्याच दंडावर त्यांचं मशीन म्हणतं :
एकशे बहात्तर, खाली शंभर.
गोळी वाढते. अर्धीची एक, एकीच्या दोन.
दोन घेतल्या की बाबा अंगणातून जाताना
मोहाच्या बुंध्याला धरून उभा राहतो.
म्हणतो, जमीन पातळ झाली, पोरी.

मला वाटलं, माझंच मशीन खोटं.
सेल बदलले. सासूवर पाहिलं, स्वतःवर पाहिलं,
शाळेतल्या कुमरे मास्तरांवर दोनदा.
खरं निघालं.
मग एका मंगळवारी ते पिशवीत घातलं,
भाकरीच्या फडक्याखाली.

एसटीतून उतरल्यावर, कडुलिंबापाशी : एकशे सव्वीस.
फाटकावर "ए, तिकडून" ऐकल्यानंतर : एकशे अडतीस.
केसपेपरच्या खिडकीत बाबूनं जात विचारली,
मागच्या सतरा जणांना ऐकू जाईल एवढ्यानं,
आणि लिहिलं, कोलम.
मी म्हटलं, साहेब, ल ला काना द्या. कोलाम.
कोलम तर तांदूळ असतो.
"तोच तर फुकट भेटते न तुमाले!"
रांग हसली. बाबाही हसला,
तो अशा वेळी हसतोच.
मी त्या हसण्याला पट्टा बांधला : एकशे चौपन्न.

बाकावर चमकी घातलेली एक बाई होती.
बाबा टेकला तसा तिनं पदर आवरला,
मग पिशवी आवरली,
मग स्वतःलाच आवरून उभी राहिली.
कोणी काही बोललं नाही.
माझ्या रजिस्टरात याला रकाना नाही.
एकशे बासष्ट.

डॉक्टर नवा पोरगा. वाईट नाही.
दोन रात्रींचा जागा असावा,
स्टेथोस्कोप गळ्यात उलटा.
"दारू?"
"नाही."
"खरं सांगा."
"नाही."
"तुम्ही लोक सगळे हेच म्हणता."
मग माझ्याकडे बघून, "मीठ कमी द्या यांना."
बाबा कोलामीत मला म्हणाला,
विचार त्याला, कोणतं मीठ?
डब्यातलं, की इथं येऊन खातो ते?
मी ते मराठीत आणलं नाही.
अर्ध्या वाटेवर, दातांच्या आत ठेवून दिलं.

वही पुढे केली. सर, घरचे आकडे.
सात आठवड्यांचे, निळ्या शाईत;
आजचे लाल, प्रत्येकापुढं जागेचं नाव.
त्यानं पाहिलं. खरंच पाहिलं,
बोट "खिडकी" या शब्दावर थांबलंसुद्धा.
मग म्हणाला, "तुमचं मशीन तपासून घ्या एकदा,"
आणि पुढचा नंबर पुकारला.

परतीच्या एसटीत बाबा झोपला, तोंड उघडं टाकून.
मी माझा दंड मोजला नाही.
मोजायची गरज नव्हती.

रात्री चुलीच्या उजेडात
गोळी विळ्याच्या पात्यावर ठेवून दाबली.
उद्या काही झालं तर नाव माझंच निघेल,
बाबूचं नाही, त्या चमकीवालीचं तर नाहीच.
अर्धी त्याला दिली, अर्धी पुडीत बांधली.
थोडा भुगा झाला, नखात गेला, कडू.
तो कोणाच्या वाट्यात धरायचा
ते मला कोणत्याच ट्रेनिंगात सांगितलं नव्हतं.